पॅकेज मॅनेजर : आज्ञा, अवलंबन आणि आवृत्ती

संशोधनासाठी संगणक वापरणाऱ्या अभ्यासकाला सॉफ्टवेअर बसविणे ही बाब आपल्या विषयाबाहेरची वाटते. कमांड लाइनवर एक ओळ लिहावी, पडद्यावरून काही मजकूर सरकून जावा आणि हवी ती आज्ञावली हाताशी यावी, एवढाच या क्रियेशी त्याचा संबंध येतो. ती ओळ प्रबंधात सहसा नोंदविली जात नाही, परीक्षकही तिची चौकशी करीत नाहीत. तथापि ज्या संशोधनाचे निष्कर्ष संगणकीय प्रक्रियेतून निघतात, त्याच्या बाबतीत ही ओळ साधनसामग्रीचाच भाग होय. तिच्यामुळे संगणकावर नेमके काय आले, ते कोणाच्या भरवशावर आले आणि तीच ओळ पाच वर्षांनी दिल्यास तेच येईल काय, हे तीन प्रश्न महत्त्वाचे आहेत. प्रस्तुत लेखात डेबियन या लिनक्स-प्रणालीतील पॅकेज मॅनेजरची रचना सांगून या प्रश्नांचा विचार केला आहे.

विवेचनाला एक ठोस उदाहरण असणे सोयीचे. मराठीतील जुन्या मुद्रित ग्रंथांच्या पानांची छायाचित्रे घेऊन त्यांतील अक्षरे संगणकाकडून ओळखवून घ्यावयाची आहेत, असे समजू. यासाठी टेसरॅक्ट ही मुक्त आज्ञावली उपलब्ध आहे. हिचा आरंभ १९८५ च्या सुमारास ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत झाला व २००५ मध्ये ती सर्वांसाठी खुली करण्यात आली. डेबियनमध्ये ती बसविण्यासाठी पुढील आज्ञा पुरेशी आहे. आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत द्यावयाच्या असतात. येथे त्या उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत.

सुडो ॲप्ट इन्स्टॉल टेसरॅक्ट-ओसीआर टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर

‘सुडो’ या शब्दाने प्रशासकाचे अधिकार मागितले जातात. ‘ॲप्ट’ हा पॅकेज मॅनेजर. ‘इन्स्टॉल’ ही क्रिया. आणि पुढील दोन नावे पॅकेजांची. त्यांपैकी पहिले अक्षरे ओळखणाऱ्या यंत्रणेचे असून दुसरे मराठीच्या प्रशिक्षित विदेचे आहे. काम झाल्यावर ‘टेसरॅक्ट पान.टिफ निकाल -एल एमएआर’ अशी आज्ञा दिली की पानावरील मजकूर ‘निकाल’ या नावाच्या फाइलमध्ये उतरतो.

१. पॅकेज म्हणजे काय

पॅकेज मॅनेजर येण्यापूर्वी युनिक्स वर्गातील संगणकावर आज्ञावली बसविणे हे कष्टाचे काम होते. मूळ संहिता मिळवावयाची, आपल्या यंत्राला ती जुळते की नाही हे तपासावयाचे, तिचे यंत्रभाषेत रूपांतर करावयाचे आणि तयार झालेल्या फाइली निरनिराळ्या निर्देशिकांत नेऊन ठेवावयाच्या. वाटेत एखादी पूरक लायब्ररी नाही असे आढळले की ती शोधून आणावयाची. तिलाही आणखी एखादी हवी असे. याहून मोठी अडचण पुढे येई. कोणती फाइल कोणत्या आज्ञावलीबरोबर आली याची नोंद कोठेही नसल्यामुळे जुनी आज्ञावली निःशेष काढून टाकणे किंवा तिच्या जागी नवी आणणे हे भरवशाचे राहत नसे.

इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियन प्रकल्प जाहीर केला आणि १९९४ मध्ये त्यासाठी डीपीकेजी हे साधन आकारास आले. आधी शेलमध्ये, मग पर्लमध्ये व त्यानंतर इयान जॅक्सन यांच्या हातून मुख्यतः सी भाषेत, अशी त्याची घडण होत गेली. डीपीकेजी ज्या फाइलीवर काम करते ती फाइल म्हणजे पॅकेज. तिचे तीन घटक असतात. पहिल्या घटकात केवळ स्वरूपाचा क्रमांक असतो. दुसऱ्यात पॅकेजचे नाव, आवृत्ती, कोणत्या प्रकारच्या यंत्रासाठी ते आहे, देखभाल कोण करतो, त्याला दुसरे काय लागते आणि कशाशी त्याचे जुळत नाही, ही माहिती असते. तिसऱ्यात प्रत्यक्ष फाइली असतात व प्रत्येक फाइल कोठे जावयाची तो मार्गही दिलेला असतो.

दुसऱ्या घटकात आणखी एक गोष्ट असू शकते, ती म्हणजे पॅकेज बसविण्यापूर्वी, बसविल्यानंतर, काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतर चालवावयाच्या लहान आज्ञावल्या. या प्रशासकाच्या पूर्ण अधिकाराने चालतात. म्हणजे पॅकेज बसविणे ही केवळ फाइली उतरवून घेण्याची क्रिया नव्हे. पॅकेज तयार करणाऱ्याला काही क्षण आपल्या यंत्राचे सर्वाधिकार देण्याची ती क्रिया आहे. हा मुद्दा पुढे पुन्हा लागेल.

२. डीपीकेजी आणि ॲप्ट

डीपीकेजीचे क्षेत्र मर्यादित आहे. हाती दिलेले पॅकेज ते उलगडते, फाइली जागच्या जागी ठेवते आणि आपल्या नोंदवहीत त्याची नोंद करते. आवश्यक ते दुसरे पॅकेज यंत्रावर नसेल तर ते तसे सांगते. पण ते कोठून आणावयाचे हे त्याला ठाऊक नसते. ही उणीव ॲप्टने भरून काढली. त्याचा आरंभ १९९८ मधला. १९९९ च्या मार्चमध्ये निघालेल्या डेबियन २.१ मध्ये ते अंतर्भूत झाले.

ॲप्टचे काम तीन पायऱ्यांनी चालते. ‘ॲप्ट अपडेट’ या आज्ञेने भांडारातील पॅकेजांची सूची उतरवून घेतली जाते. या आज्ञेविषयी नवशिक्यांत एक गैरसमज आढळतो. तिच्यामुळे कोणतेही सॉफ्टवेअर बदलत नाही. भांडारात आज काय आहे एवढेच यंत्राला कळते. दुसऱ्या पायरीत ‘इन्स्टॉल’ची मागणी आली म्हणजे या सूचीच्या आधारे अवलंबनांचा हिशेब केला जातो. तिसऱ्या पायरीत लागणारी सर्व पॅकेजे उतरवून योग्य क्रमाने डीपीकेजीच्या स्वाधीन केली जातात. मागितलेले पॅकेज कोणते आणि त्याच्यासाठी आपोआप आलेले कोणते, हेही ॲप्ट लक्षात ठेवते. म्हणून गरज संपल्यावर ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा आपोआप आलेल्यांपैकी निरुपयोगी पॅकेजे काढू शकते.

उदाहरणातील टेसरॅक्टकडे या दृष्टीने पाहिल्यास दोन नावांमागून किती नावे येतात ते दिसते. मुख्य पॅकेजला इंग्रजीची विदा आणि पानाची दिशा व लिपी ओळखणारी विदा लागते. त्याला टेसरॅक्टची स्वतःची लायब्ररी लागते. तिला प्रतिमा हाताळणारी लेप्टोनिका ही लायब्ररी लागते. लेप्टोनिकाला पीएनजी, जेपेग, टिफ इत्यादी प्रतिमाप्रकार वाचणाऱ्या लायब्रऱ्या लागतात. टिफच्या लायब्ररीला संक्षेपित विदा उलगडण्यासाठी एलझेडएमए ही लायब्ररी लागते. मराठी पानाचे वाचन करू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने यांपैकी बहुतेकांची नावेही ऐकलेली नसतात, आणि तरीही त्याचा निकाल त्या सर्वांतून गाळून येतो.

३. अवलंबनाचा हिशेब

अवलंबने शोधणे म्हणजे यादीत खाली खाली जाणे, एवढे हे सोपे वाटते. तसे ते नाही. कारण अवलंबनाला अटी असतात. एका पॅकेजला दुसऱ्याची ‘अमुक आवृत्ती किंवा तिच्या पुढील’ लागते. दुसऱ्या एखाद्याला ‘हे किंवा ते, दोहोंपैकी एक’ चालते. तिसऱ्याचे चौथ्याशी मुळीच जमत नाही. समजा, ‘क’ला ‘ख’ किंवा ‘ग’ हवे आहे. ‘ख’ला ‘घ’ची दुसरी आवृत्ती हवी आहे आणि यंत्रावर आधीच असलेल्या ‘च’ला ती खपत नाही. अशा वेळी ‘ग’चा मार्ग धरावा लागतो, आणि ‘ग’च्याही काही अटी असतात. एका ठिकाणी केलेली निवड दूरच्या दुसऱ्या ठिकाणी अडथळा निर्माण करते.

प्रत्येक पॅकेजसंबंधी ‘असावे’ किंवा ‘नसावे’ असे दोनच पर्याय धरले, तरी ‘न’ पॅकेजांच्या संभाव्य रचना दोनाच्या ‘न’ घाताइतक्या होतात. २०२३ मध्ये निघालेल्या डेबियन १२ मध्ये ६४ हजारांहून अधिक पॅकेजे होती, हे लक्षात घेतले म्हणजे सर्व रचना तपासून पाहणे का अशक्य आहे ते कळते. युरोपातील एडॉस प्रकल्पातील संशोधकांनी २००६ मध्ये असे दाखविले की, दिलेल्या भांडारातून एखादे पॅकेज बसविता येईल किंवा नाही हा प्रश्न एनपी-पूर्ण वर्गात मोडतो. तर्कशास्त्रातील विधानसूत्राला सत्य करणारी मूल्ये आहेत काय, हा जो प्रसिद्ध प्रश्न स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये या वर्गाच्या मुळाशी ठेवला, त्याचेच हे दुसरे रूप होय. सर्व प्रसंगी झटपट उत्तर देणारी रीत अशा प्रश्नांसाठी ज्ञात नाही.

व्यवहारात हा हिशेब बहुधा क्षणात होतो. याचे श्रेय केवळ ॲप्टला नाही. भांडाराची देखभाल करणारे लोक परस्परविरोधी अटी आधीच निवारून ठेवतात. ‘स्थिर’ म्हणून जाहीर झालेल्या भांडारातील पॅकेजे एकमेकांशी जुळतील अशीच ठेवलेली असतात. यास्तव परक्या भांडारातील पॅकेजे त्यात मिसळली की अडचणी उद्भवतात. पायथनच्या लायब्रऱ्या पिप या वेगळ्या पॅकेज मॅनेजरने थेट प्रणालीत बसविण्यास डेबियन १२ मध्ये नकार मिळू लागला, त्याचेही कारण हेच. एकाच जागेतील फाइलींवर दोन व्यवस्थापक, आणि एकाची नोंदवही दुसऱ्याला अज्ञात, अशी ती स्थिती असते. अशा लायब्रऱ्यांसाठी प्रकल्पापुरते स्वतंत्र आभासी वातावरण तयार करणे हाच योग्य मार्ग होय.

४. विश्वासाची साखळी

पॅकेज दूरच्या संगणकावरून येते. ते वाटेत कोणी बदलले नाही हे कशावरून समजावे? डेबियनमध्ये याची व्यवस्था पुढीलप्रमाणे आहे. प्रत्येक पॅकेजच्या संपूर्ण मजकुरावरून गणिताने एक ठरावीक लांबीची संख्या काढली जाते. तिला हॅश म्हणतात. मजकुरात एका अक्षराचा फरक झाला तरी ही संख्या बदलते. सर्व पॅकेजांचे हॅश सूचीत असतात. सूचीचा हॅश ‘रिलीज’ नावाच्या फाइलीत असतो. आणि त्या फाइलीवर भांडाराच्या व्यवस्थापकांची डिजिटल स्वाक्षरी असते. स्वाक्षरी तपासण्याची किल्ली यंत्रावर आधीपासूनच असते. म्हणून पॅकेज कोणत्याही मिरर संगणकावरून आणले तरी चालते. त्या संगणकाच्या मालकावर विश्वास ठेवण्याची गरज उरत नाही. ही पद्धत २००७ मध्ये निघालेल्या डेबियन ४.० पासून रूढ झाली.

परंतु ही स्वाक्षरी काय सिद्ध करते आणि काय करीत नाही, हे स्पष्ट असले पाहिजे. भांडाराने जे पाठविले तेच पोचले, एवढेच ती सांगते. जे पाठविले ते निर्दोष आहे असे ती सांगत नाही. हा भेद २०२४ मध्ये तीव्रतेने पुढे आला. वर ज्या एलझेडएमए लायब्ररीचा उल्लेख आला ती ज्या एक्सझेड प्रकल्पातून तयार होते, त्याच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत हेतुपुरस्सर एक चोरवाट घातलेली आढळली. सुमारे दोन वर्षे प्रकल्पाला मदत करून विश्वास संपादन केलेल्या एका टोपणनावाच्या व्यक्तीने हे काम केले होते. दूरस्थ प्रवेशाची ओपनएसएसएच ही आज्ञावली मुळात या लायब्ररीवर अवलंबून नाही. परंतु डेबियन व इतर काही प्रणालींनी तिला सिस्टिमडीच्या लायब्ररीची जोड दिली होती आणि त्या लायब्ररीला एलझेडएमए लागत होती. त्या आडवाटेने ही चोरवाट प्रवेशद्वारापर्यंत पोचली. पोस्टग्रेस या विदागाराचे विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे दिसले; त्यांनी त्याचा माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी तो जाहीर केला. डेबियनच्या स्थिर भांडारात त्या आवृत्त्या पोचल्या नव्हत्या. चाचणीच्या भांडारांत मात्र त्या रीतसर स्वाक्षरीनिशी आल्या होत्या.

या प्रकरणातील आणखी एक तपशील उद्बोधक आहे. चोरवाट कार्यान्वित करणारा भाग सर्वांना दिसणाऱ्या संहिताभांडारात नव्हता. वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात तो होता. संहिता वाचली म्हणजे आज्ञावली वाचली, हा समज त्यामुळे अपुरा ठरतो. डेबियनमध्ये २०१३ पासून पुनरुत्पादनीय बांधणीचा जो उपक्रम चालू आहे त्याचे मर्म येथे कळते. एकाच संहितेपासून कोणीही, कोठेही बांधणी केली तरी शेवटच्या बिटपर्यंत तेच पॅकेज निघावे, म्हणजे संहिता आणि पॅकेज यांचा संबंध त्रयस्थाला पडताळता यावा, असा त्याचा उद्देश आहे.

५. एकच आज्ञा, निरनिराळे अर्थ

आता संशोधकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळता येईल. आरंभी दिलेल्या आज्ञेत पॅकेजांची नावे आहेत, आवृत्ती नाही. नावामागे काय आहे हे भांडार ठरवते, आणि भांडार बदलत असते. २०१७ च्या डेबियन ९ मध्ये या नावाने टेसरॅक्ट ३.०४ येत होते. २०१९ च्या डेबियन १० मध्ये ४.०, २०२१ च्या डेबियन ११ मध्ये ४.१, २०२३ च्या डेबियन १२ मध्ये ५.३. हा केवळ आकड्यांचा फरक नाही. तिसऱ्या पिढीतील यंत्रणा अक्षराचा आकार वेगळा काढून त्याची वैशिष्ट्ये जुळवून पाहत असे. चौथ्या आवृत्तीपासून संपूर्ण ओळ क्रमाने वाचणारे चेताजाल मुख्य झाले. शिरोरेषेने जोडलेल्या आणि जोडाक्षरांनी भरलेल्या लिपीच्या बाबतीत या दोन रीतींच्या चुका एकाच जातीच्या असण्याचे कारण नाही.

दोन अभ्यासकांची कल्पना करावी. एकाने २०१८ मध्ये डेबियन ९ वर आणि दुसऱ्याने २०२३ मध्ये डेबियन १२ वर, त्याच ग्रंथाच्या त्याच पानांवर, तीच आज्ञा देऊन, ‘ळ’ किंवा ‘ऱ्या’ किती वेळा चुकीचे वाचले जाते ते मोजले. दोघांनीही ‘टेसरॅक्ट वापरले’ एवढेच लिहिले. दोघांचे आकडे भिन्न आले, तर तिसऱ्या वाचकाने ते मोजणीतील चुकीमुळे समजावे, छायाचित्रांमुळे समजावे, की साधनामुळे? दोघेही प्रामाणिक असूनही त्यांच्या नोंदींवरून हे कधीच ठरविता येणार नाही.

मराठीच्या विदेसंबंधीही असेच आहे. टेसरॅक्टचे कर्ते प्रत्येक भाषेची प्रशिक्षित विदा एकाहून अधिक संचांत देतात. त्यांपैकी एक अचूकतेला आणि दुसरा वेगाला प्राधान्य देणारा आहे. लिनक्स-प्रणालींच्या पॅकेजांसाठी वेगाचा संच नेमलेला आहे. बहुसंख्य वापरकर्त्यांसाठी ती निवड योग्य असेल. परंतु ती संशोधकाने केलेली नाही, त्याच्या वतीने झालेली आहे. ती माहीत नसल्यास तो वेगाच्या संचाचे दोष यंत्रणेच्या पदरी बांधील.

पाठचिकित्सेच्या शिस्तीत वाढलेल्या अभ्यासकाला हा विचार परका वाटू नये. ‘एका पोथीत असा पाठ आहे’ या विधानाला तेथे किंमत नसते. पोथी कोणत्या संग्रहातील, तिचा क्रमांक कोणता, लेखनाचा शक कोणता, हे सांगितले म्हणजेच पाठ पडताळता येतो. आज्ञावलीची आवृत्ती सांगणे ही त्याच शिस्तीची मागणी होय.

६. संशोधकाने ठेवावयाच्या नोंदी

ही मागणी पुरी करणे अवघड नाही. आज्ञा देण्यापूर्वी तीच आज्ञा ‘-एस’ हा पर्याय जोडून दिल्यास ॲप्ट काहीही न बसविता, काय काय बसविले जाईल ते दाखविते. ती यादी वाचावी. काम सुरू करताना ‘डीपीकेजी-क्वेरी -डब्ल्यू’ या आज्ञेने यंत्रावरील सर्व पॅकेजांची नावे व आवृत्त्या एका फाइलीत घेऊन त्या फाइलीवर दिनांक घालावा. ‘टेसरॅक्ट --व्हर्जन’ ही आज्ञा स्वतःच्या आवृत्तीबरोबर लेप्टोनिका आणि प्रतिमा-लायब्रऱ्यांच्या आवृत्त्याही सांगते. ती काही ओळींची माहिती प्रबंधाच्या परिशिष्टात सहज सामावते. पॅकेजच्या नावापुढे बरोबरचे चिन्ह घालून विशिष्ट आवृत्ती मागता येते आणि ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ या आज्ञेने ती काम संपेपर्यंत गोठविता येते. मात्र गोठविलेल्या पॅकेजला सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत, म्हणून ही सोय कायमची ठेवू नये.

जुनी आवृत्ती पुढे कोठून मिळणार, हा प्रश्न उरतो. भांडार म्हणजे अभिलेखागार नव्हे. २२ मार्च २०१६ रोजी एनपीएम या भांडारातून लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचे पॅकेज त्याच्या कर्त्याने काढून घेतले, तेव्हा त्यावर अप्रत्यक्षपणे अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी थांबली. ते पॅकेज परत ठेवावे लागले आणि पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक झाले. डेबियनने स्नॅपशॉट नावाची व्यवस्था ठेवली आहे. २००५ पासूनच्या भांडाराची दिनांकवार स्थिती तीत जपलेली असून विशिष्ट दिवसाचे पॅकेज तेथून मिळविता येते. उट्रेख्ट विद्यापीठात एल्को डॉल्स्ट्रा यांनी २००३ मध्ये आरंभिलेल्या निक्स या पॅकेज मॅनेजरने मूळ रचनेतच हा प्रश्न सोडविण्याचा प्रयत्न केला. त्यात प्रत्येक पॅकेजची जागा त्याच्या सर्व अवलंबनांसह काढलेल्या हॅशवरून ठरते. त्यामुळे एकाच आज्ञावलीच्या दोन आवृत्त्या एकमेकींना न दुखविता शेजारी नांदू शकतात.

पॅकेज मॅनेजरने कष्ट वाचविले, ही त्याची उपयुक्तता निर्विवाद आहे. पण जे कष्ट वाचले त्यांत शोधण्याचे, तपासण्याचे आणि निवडण्याचे कष्टही होते. ते नाहीसे झाले नाहीत, दुसऱ्यांनी उचलले. देखभाल करणाऱ्यांनी केलेल्या त्या निवडी संशोधकाच्या निष्कर्षात उतरतात. त्यांची जबाबदारी त्याला टाळता येत नाही. मात्र त्या कोणत्या होत्या हे नमूद करणे त्याच्या हाती आहे. नाव, आवृत्ती आणि दिनांक या तीन गोष्टी लिहिण्यास एक ओळ पुरते. ती नसेल तर पुढील अभ्यासकाला प्रयोग पुन्हा करता येत नाही, आणि जो प्रयोग पुन्हा करता येत नाही त्याच्या निष्कर्षाला केवळ कर्त्याच्या शब्दाचाच आधार उरतो.